बटला मागितला, बटाटे सोलले : तुमच्या स्वयंपाकघरातल्या गफलती लिहा

जुनी_इंदूरवाली
आज सकाळी सूनबाईचा ठेल्यावरून फोन. "आई, हा भाजीवाला भिया बटला बटला ओरडतोय, पण गाडीवर बटाटे तर दिसतच नाहीयेत." ती कोल्हापूरची, लग्नाला दोनच महिने झालेत. मी गॅस बंद करून तिथेच पाटावर बसले.

१९८८चा पौष. मी साताऱ्याहून नवीन आलेली. सासूबाई देवळात निघताना म्हणाल्या, "दोन किलो बटला सोलून ठेव गं, संध्याकाळी कचोऱ्या करू." मी मनापासून दोन किलो बटाटे सोलून पाण्यात घालून ठेवले. माळव्यात बटला म्हणजे मटार, हे साताऱ्याच्या मुलीला कोण सांगणार? सासूबाई आल्या, पातेल्यात डोकावल्या, पदर खोचला आणि किसणी काढली. दुसऱ्या दिवशी गच्चीवर कीस वाळत होता. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली.

मग हळूहळू शिकले. गिलकी म्हणजे घोसाळं, अंगाने गुळगुळीत. तुरई म्हणजे दोडका, त्याला शिरा. मोरधन म्हणजे आपली वरी. सूनबाईसाठी वही करतेय. तुमची कुठे गफलत झाली आणि ती वस्तू ओळखायची कशी, दोन्ही लिहा.

हिरवी_वाटी
अळू!!! मी पण हेच. "अळूची पानं आहेत का" विचारलं तर म्हणे आलू के पत्ते कौन खाता है दीदी. अरबी के पत्ते म्हणायचं, वहीत पहिलं हेच लिहा.

माहेर_बडोदा
काकू, सासूबाईंचं वाचून डोळे भरले.
मी उलटी, माहेर बडोदा, सासर इंदूर, त्यामुळे डोक्यात तीन भाषांचं किराणा दुकान. बडोद्यात एकादशीला रताळू मागाल तर जांभळा कंद हातात येईल. आपली रताळी हवी असतील तर शक्करिया म्हणायचं, इथे शकरकंद. तिथे साकर म्हणजे खडीसाखर आणि साखरेला खांड. टिंडोळा म्हणजे तोंडली, पण इथला टिंडा म्हणजे ढेमसं! मिठाचा मात्र तिकडे त्रास नव्हता, मीठुं म्हटलं की मीठच. इथे शेजारच्या भाभींच्या मुलाला घाईत "मीठ आण रे वाटीभर" म्हटलं, पोरगं साखर घेऊन आलं. त्याचं काय चुकलं, मीठा म्हणजे गोडच की.
सराफ्यातला, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारातला, गराडू ह्यांना कित्येक वर्षं रताळंच वाटायचं. गराडू वेगळा कंद, थंडीतच मिळतो. दोनदा तळायचा, वर जीरावन (इथला चटपटीत मसाला) आणि लिंबू. सोलताना हाताला तेल लावा, खाज येते.

भुट्टेका_कीस
गराडूचं नाव काढलंत, आता आज रात्री सराफा. कोण कोण येतंय?

रामबाग_१२
मी येतो. साडेनऊ, राजवाड्यापाशी.

चहा_दोनदा
सोडा आणि बेकिंग पावडर. कृपया कोणी एक समजू नका. लेकीच्या पाचव्या वाढदिवसाला मी पावडरीच्या जागी तेवढाच खायचा सोडा घातला. केक छान फुगला, पण चव साबणाची. तिने तरी दोन घास खाल्ले, बाबांनी केलाय म्हणून. ते अजून लागतं मनाला.
तेव्हा नीट वाचून काढलं. सोडा म्हणजे नुसतं सोडियम बायकार्बोनेट, त्याला ताक, दही, लिंबू असं काहीतरी आंबट लागतंच. पावडरीत सोड्याबरोबर कोरडं आम्ल आणि स्टार्च आधीच मिसळलेलं असतं, म्हणून ती सौम्य. एक चमचा पावडरीला सोडा पाव चमचा, फार तर थोडा जास्त, तोही आंबट घालूनच. चिठ्ठी निघालेल्या डब्यात काय आहे कळत नसेल तर चिमूटभरावर कोमट पाणी घाला. चांगली फसफसली तर पावडर. पाण्याने नाही पण लिंबाने फसफसलं तर सोडा.

माळवी_मिरची
@चहा_दोनदा दादा, लेक आता केवढी?

चहा_दोनदा
दहावीला आहे ताई. केक आता तीच करते.

सियागंज_रोज
काला जीरा हे नाव घेऊन दुकानात जाऊ नका. एकाने शहाजिरं दिलं, दुसऱ्याने कलौंजी. शहाजिरं साध्या जिऱ्याहून बारीक, गडद, किंचित वाकडं. कलौंजी मिट्ट काळी, कोनदार. लोक तिला कांद्याचं बी म्हणतात, पण तिचं झाड वेगळं. काळे तीळ चपटे, एका टोकाला निमुळते. मी तर पुडीत नाक घालते. तिघांत शहाजिऱ्याचा वास सगळ्यात गोड.

उपवास_स्पेशल
घाईत लिहितेय, कुकर लागलाय. सैंधव आणि पादेलोण, दळल्यावर दोन्ही गुलाबीच दिसतात!! वास घ्या. पादेलोणाला उकडलेल्या अंड्यासारखा येतो, सैंधवाला नाही. आमच्याकडे उपवासाला सैंधवच.

दोरा_बांधलेला_डबा
माझ्या आईला मोतीबिंदू आहे, पण स्वयंपाक तीच करणार. खसखस आणि राजगिरा सारखेच स्टीलचे डबे. एकदा नारळाच्या वाटणात राजगिरा गेला, ती दिवसभर गप्प होती. आता तिने राजगिऱ्याच्या डब्याला दोरा बांधलाय. मला म्हणाली, राजगिरा बोटांमध्ये गोल फिरतो, चकचकीत असतो. खसखस खरखरीत, दाणा एका बाजूने दबलेला. तरी शंका असेल तर तापलेल्या कढईत चार दाणे टाक, राजगिरा फुटून लाही होते, खसखस नुसती भाजते.
खरंच मिटल्या डोळ्यांनी सांगते ती. मी करून बघितलं, मला नाही जमलं.

माहेर_बडोदा
आईंना नमस्कार सांगा. ऑपरेशनचं काय म्हणाले डॉक्टर?

दोरा_बांधलेला_डबा
होळीनंतर करू म्हणाले.

हिरवी_वाटी
सगळं छान, पण त्या बटल्याच्या कचोऱ्यांची कृती कुठेय काकू??

जुनी_इंदूरवाली
आईंची बोटांची खूण वहीच्या पहिल्या पानावर लिहिलीये. चहा_दोनदांचा कोमट पाण्याचा प्रयोगही करून पाहिला, डब्यात सोडाच निघाला.
कचोरीला बटला भरडच वाटायचा. कढईत तेल, हिंग, बडीशेप, आलं-मिरची, त्यात वाटण घालून पाणी पूर्ण आटेपर्यंत परतायचं, नाहीतर कचोरी तेलात फुटते. शेवटी जीरावन आणि लिंबू. मोहनाचं माप रात्री देते, सूनबाई दोन किलो बटला घेऊन आलीये, दोघी सोलायला बसतोय.