धरण भक्कम आहे हो, डोंगराचं काय?

गोदाकाठ: काल इथंच एकानं ठोकून दिलं, 'धरण भक्कम असलं की झालं, जलविद्युत जलाशयावरच्या कड्यांना यंत्रं लावणं म्हणजे ठेकेदारांची सोय.' डोकं फिरलं, म्हणून लांबण लावतोय. इटलीतलं वायोंत धरण 262 मीटर उंच, आजही उभं आहे. 9 ऑक्टोबर 1963 च्या रात्री बाजूच्या डोंगराचा सुमारे 27 कोटी घनमीटर भाग एका दमात जलाशयात उतरला, पाणी धरणावरून उसळलं आणि खालच्या गावांतली दोन हजारांच्या आसपास माणसं गेली. पाणी चढलं की कातळाच्या फटींत शिरतं. झपकन उतरवलं की आतलं तिथंच अडकतं आणि कडा बाहेर रेटतं. वरून काही दिसत नाही. बोअर घेऊन पायझोमीटर (आतल्या पाण्याचा दाब मोजणाऱ्या नळ्या) आणि इन्क्लिनोमीटर (डोंगर आतून किती सरकतोय ते मोजणारं यंत्र) बसवावेच लागतात.

जिंतूरचा_बाप्पा: भाऊ, वायोंतला मोजमाप होतंच की! डोंगर सरकतोय हे तीन वर्षं माहीत होतं, शेवटी शेवटी दिवसाला वीसेक सेंटिमीटर. काय दिवे लागले? आमच्या येलदरीला कुठले आलेत तसले कडे? जायकवाडीच्या काठावर तर म्हशी चरतात. आधी नाशिक-नगरवाल्यांना पाणी सोडायला लावा, मग यंत्रं बघू.

गोदाकाठ: आलं जायकवाडी! अहो, सरकणं मोजलं, पण आतल्या पाण्याचा दाब बघायला नळ्या बोटांवर मोजण्याइतक्या. पातळी खाली-वर करून डोंगर ताब्यात ठेवू, असा भ्रम. कॅनडात रेव्हलस्टोक धरणाच्या जलाशयावर, डाऊनी नावाच्या सरकत्या डोंगरात आधी निचऱ्याचे बोगदे काढले, मग जलाशय भरला. आणि कडे नाहीत म्हणता? 2021 च्या ऑगस्टअखेर कन्नड घाट कशानं बंद पडला?

जिंतूरचा_बाप्पा: तिथं धरण आहे का?

तेरणेकाठची: मोजमापाचं कौतुक मला सांगू नका. 1992 च्या दिवाळीच्या सुमारास आमच्याकडं जमिनीतून गडगड यायची, फळीवरची भांडी वाजायची. साहेब आले, वहीत लिहिलं, चहा पिऊन गेले. पुढच्या वर्षी 30 सप्टेंबरला, गणपती बोळवून गाव झोपलेलं, पहाटे चारच्या आत दगडमातीच्या भिंती अंगावर. आजी दाराच्या चौकटीत अडकली म्हणून वाचली, चुलता नाही वाचला. माकणीच्या धरणानं केलं हे, गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

कातळवेडा: ताई, 1967 चा कोयनेचा भूकंप जलाशयामुळं, हे जगभर मानतात. किल्लारीबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. आणि धागा दरडींचा आहे.

तेरणेकाठची: एकमत होईस्तोवर आम्ही काय ढिगाऱ्याखाली थांबायचं? तुमचा धागा तुम्हालाच लखलाभ.

कातळवेडा: चिडू नका. वहीत लिहून कोणी हललं नाही, हे तुमचं खरंच आहे. कोणत्या आकड्याला जलाशयाची पातळी थांबवायची आणि कोणत्या आकड्याला गाव उठवायचं, हे आधी ठरलेलं नसेल तर यंत्र शोभेचं.

जिंतूरचा_बाप्पा: घ्या, आता मलाच पटायला लागलं. लावा बाबा तुमचे पायझोमीटर. फक्त पेटीला कुलूप घालून किल्ली संभाजीनगरच्या साहेबाच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका.