बोटीचं नाव ठरेना, नवराबायकोत जुंपलीय

शीडफाटका:
मंडळी, आम्ही दोघांनी मिळून एक जुनी शिडाची बोट घेतलीय, ९ मीटरची. शीड, इंजिन, अँकर सगळ्यावर एकमत झालं आणि नावावर घोडं अडलं. हिला 'झुळूक' हवंय, मला 'तुफान'. ही म्हणते तुफान नावाच्या बोटीत मी पायच ठेवणार नाही. आधीच्या मालकाने त्याच्या बायकोचं नाव दिलं होतं त्यामुळे बदलणं तर भागच आहे. तुम्ही कसं ठरवलंत?

खारट:
वहिनींचं बरोबर आहे रे, तुफान नको. पण झुळूकचापण विचार कर. रेडिओवर चॅनल १६ ला मेडे, म्हणजे 'वाचवा'ची हाक, द्यायची वेळ आली की 'मेडे' तीनदा आणि मग बोटीचं नाव तीनदा सांगायचं असतं, समोरच्याला नाही कळलं तर स्पेलिंग, एकेका इंग्रजी अक्षराला एक ठरलेला शब्द. झुलू, हॉटेल, युनिफॉर्म, लिमा, युनिफॉर्म, किलो... तोवर बोट बुडाली की! आम्ही काय केलं, स्वयंपाकघरात मिक्सर चालू ठेवायचा, हातात डाव धरून त्यात नाव ओरडायचं आणि दुसऱ्याने बाहेरच्या खोलीत बसून ऐकू येईल ते लिहायचं. ११ नावांतली ३ उरली.

नांगरगाठ:
वाऱ्याचं नाव वाईट नाही हां. ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये एकटा, कुठेही न थांबता जगाला फेरी मारून आला ती 'सुहेली' मुंबईत बांधलेली आणि नाव आखातातल्या वाऱ्याचं. बाकी जुनं नाव सगळीकडून खरवडून काढा, लाइफबॉयवरचंसुद्धा (साबण नव्हे, बुडणाऱ्याला फेकायचं तरंगतं कडं), आणि कागदपत्रं बदलायला विसरू नका. जुने खलाशी म्हणतात नाव बदललं की समुद्र रुसतो, म्हणून आधी त्याला थोडी दारू पाजायची. माझा विश्वास नाही, पण मी पाजली होती.

शीडफाटका:
अपडेट. मिक्सर लावला. माझं तुफान हिने 'सुपारी' लिहिलं, मुद्दाम लिहिलं असा मला अजून संशय आहे, मी दिवसभर तोंड फुगवून बसलो. संध्याकाळी वरचं 'समुद्र रुसतो' वाचून ही म्हणाली मग 'रुसवा'च ठेवू ना. रोमिओ, युनिफॉर्म, सिएरा, व्हिक्टर, अल्फा, मिक्सरमध्येपण पहिल्या फटक्यात कळलं. आता कोणी विचारलं सुट्टीत काय करता तर सांगायचं, रुसवा काढायला जातो. फक्त लाइफबॉयवर त्या आधीच्या बाईंचं नाव अजून पुसट दिसतंय.

खारट:
वरून रंग मार. वहिनींनी बघायच्या आत.