पाणी काढून कालवायच्या इन्स्टंट नूडल्सचे स्वस्तात पोटभर जेवण कसे करावे?

एकच_कढई (प्रश्न)

शिजल्यावर पाणी काढून टाकायचे आणि मग मसाला, तेल व गोडसर सोया सॉस यांच्या पुड्या कालवायच्या, अशा प्रकारच्या नूडल्स मी नेहमी घरात ठेवतो, कारण त्या स्वस्त आहेत, टिकतात आणि मला त्यांची चव मनापासून आवडते. अडचण अशी की एका पाकिटाने पोट भरत नाही आणि दोन पाकिटे एकदम केली, तर ते इतके खारट होते की नंतर सारखे पाणी प्यावे लागते. भाज्या घातल्या की कढईत पाणी सुटते आणि सगळ्याचा लगदा होतो. माझ्याकडे एक शेगडी, एक कढई आणि एक पातेले एवढेच आहे. खर्च फारसा न वाढवता यात काय, किती आणि कोणत्या क्रमाने घालावे, हे कृपया सांगावे.

मंद_आच

भूक लवकर लागण्याचे कारण पाकिटावरच्या तक्त्यातच सापडते. साधारण ८० ग्रॅमच्या पाकिटात साडेतीनशे ते चारशे कॅलरी असतात, पण त्या मुख्यतः मैद्यातून आणि तळणीच्या तेलातून आलेल्या असतात. प्रथिने जेमतेम ७-८ ग्रॅम आणि तंतू नावापुरते. म्हणून जादा पैसे खर्च करायचेच असतील, तर पहिल्यांदा अंड्यांवर करावेत. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणजे दोन अंडी घातली की ताटातील प्रथिने दुपटीहून अधिक होतात. त्यानंतर कोबी घ्यावा, कारण तो स्वस्त असतो, बरेच दिवस टिकतो आणि परतल्यावरही थोडा करकरीत राहतो.

लगदा होतो तो क्रम चुकल्यामुळे. भाजी आधी, एकटी, मोठ्या आचेवर आणि मीठ न घालता परतावी, कारण मीठ लागताच ती पाणी सोडू लागते, आणि कढईत दाटी झाली तर ती परतली जाण्याऐवजी वाफेवर शिजते. दोन मूठ कोबी, थोडे गाजर आणि कांदा यांना दोन-तीन मिनिटे पुरतात; मग ते ताटात काढून ठेवावे आणि त्याच कढईत अंडे करावे.

नूडल्स मात्र पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा अर्धा-एक मिनिट आधीच निथळून घ्याव्यात. १९५८ साली जपानमध्ये मोमोफुकु आन्दो यांनी बाजारात आणलेल्या नूडल्सपासून हेच तंत्र चालत आले आहे: वाफवलेल्या नूडल्स गरम तेलात तळल्या की आतले पाणी वाफ होऊन निघून जाते आणि मागे बारीक छिद्रे राहतात. या छिद्रांमुळेच त्या मिनिटांत शिजतात, पण त्यांच्यामुळेच पातेल्यातून काढल्यावरही त्या सॉस आणि भाजीचे पाणी शोषत राहतात. पातेल्यात पूर्ण शिजलेली नूडल कढईत हमखास मऊ पडते.

लिंबाची_फोड

वरील क्रम मला मान्य आहे, परंतु पुड्या कढईत फोडू नयेत, असे माझे ठाम मत आहे. गोड सॉसमध्ये साखर भरपूर असल्याने तो तापलेल्या कढईला चिकटून करपतो, आणि सुगंधी तेलाचा वास ताटात पोहोचण्याऐवजी स्वयंपाकघरात जातो. नूडल्स शिजत असताना पुड्या ताटातच एकत्र कराव्यात, त्यात नूडल्स शिजवलेले एक-दोन चमचे गरम पाणी घालावे आणि मग निथळलेल्या नूडल्स, भाजी व अंडे त्यात कालवावे. त्या पाण्यात थोडे स्टार्च उतरलेले असते, त्यामुळे मसाला गुठळ्या न होता सगळीकडे सारखा लागतो. अंड्याचा बलक पातळ ठेवला तर तोही सॉसचे काम करतो. अर्थात ज्यांना कच्चट बलक चालत नाही, त्यांनी अंडे पूर्ण शिजवावे. तळलेल्या कांद्याची पुडी असेल तर ती अगदी शेवटी, वरून घालावी.

चवीपुरते

दोन पाकिटांच्या खारटपणावरचा उपाय सोपा आहे: नूडल्स दोन पाकिटांच्या घ्याव्यात, मसाल्याची पुडी एकाच पाकिटाची. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे आणि त्यातला मोठा वाटा अशी एकच पुडी व्यापू शकते. कमी मसाल्याने चव फिकी वाटली, तर मीठ न वाढवता लिंबू किंवा थोडे व्हिनेगर, ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची घालावी. आंबट चव मिठाची उणीव बरीच झाकते. उरलेली पुडी उकडलेल्या बटाट्यांवर किंवा शिळा भात परतताना वापरता येते.

एकच_कढई

सर्वांचे आभार. एक शंका उरली आहे. काही दिवस मला शेगडीशिवाय, केवळ विजेच्या किटलीवर भागवावे लागणार आहे. किटलीतल्या उकळत्या पाण्यावर अंडे होईल का?

मंद_आच

अंड्याचा भरवसा धरू नये. भांड्यात ओतलेले पाणी झपाट्याने निवते आणि अंडे अर्धवट राहते. त्याऐवजी आधीच उकडलेली अंडी, डब्यातले शिजवलेले काबुली चणे किंवा भाजलेल्या शेंगदाण्यांचे जाडसर कूट घालावे. नूडल्सवर उकळते पाणी ओतून भांडे घट्ट झाकावे, चार-पाच मिनिटांनी पाणी पूर्ण निथळावे आणि मगच पुड्या कालवाव्यात. कोबी अगदी बारीक चिरून नूडल्सबरोबरच झाकला, तर तोही पुरेसा मऊ होतो. नूडल्स किटलीच्या आत मात्र घालू नयेत. पाणी फेसाळून उतू जाते आणि तळाला बसलेले तेल-पीठ सहजासहजी निघत नाही.