टॉम रॉबिन्सनचा डावा हात : वाचकांचे अनुभव

हार्पर ली यांच्या ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६०) या कादंबरीतील टॉम रॉबिन्सन हा अलाबामातला कृष्णवर्णीय शेतमजूर. त्याच्यावर बलात्काराचा खोटा आरोप येतो. फिर्यादी मुलीच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला मार लागलेला असतो, म्हणजे मारणारा बहुधा डावखुरा. आणि टॉमचा डावा हात लहानपणीच निकामी झालेला. तरीही ज्यूरी त्याला दोषी ठरवते. हे वाचताना स्वतःचे काही आठवले असल्यास लिहावे, अशी विनंती आम्ही केली होती.

यवतमाळहून एक वाचक
टॉमचा हात लहानपणी कापसाच्या जिनमध्ये सापडला, हे कादंबरीत ओझरतेच येते. माझे वडील जिनिंगमध्ये होते आणि हंगामात ते घरी येत तेव्हा त्यांच्या भुवयांवरही कापसाचे तंतू असत, त्यामुळे मी त्या वाक्यापाशी बराच वेळ थांबलो.

पुण्याच्या एक वाचक
माझा डावा हात जन्मापासून लुळा आहे. कॉलेजात असताना मी तो ओढणीखाली झाकून घेत असे. एका दुकानात बांगड्यांचा जोड सापडेना, तेव्हा मालकाने सर्वांदेखत मला म्हटले, “ताई, तो हात जरा बाहेर काढा.” मी काढला. बोटे मिटलेलीच होती, ती मला उघडता येत नाहीत हे त्याला कळायला क्षणभर लागला आणि मग तो दुसरीकडे पाहू लागला. शपथ घेताना टॉमचा हात बायबलवरून निसटतो, तो पुन्हा ठेवू पाहतो आणि न्यायाधीश त्याला थांबवतात, हा प्रसंग मी अजूनही सलग वाचू शकत नाही.

एक वाचक, नाशिक
थोडे वेगळे मत मांडतो. टॉमचे दोन्ही हात धड असते, तर आपण त्याच्यावर इतक्या सहज विश्वास ठेवला असता का? लेखिकेने त्याला आपल्यासाठी जरा जास्तच निरुपद्रवी केले आहे, असे मला वाटते.

साताऱ्याचे एक निवृत्त वकील
माझ्या एका अशिलाच्या उजव्या हाताची चार बोटे कडबाकुट्टीत गेली होती आणि त्याच्यावर आरोप होता विहिरीवरची मोटार एकट्याने खोलून नेल्याचा. नटबोल्ट कोणत्या हाताने खोलले, असे मी उलटतपासणीत विचारले, तेव्हा साक्षीदार गप्प राहिला. टॉमचा वकील ॲटिकस याने मेहनतीने उभा केलेला मुद्दा माझ्या वाट्याला आयता आला, आणि माझ्यासमोर ज्यूरी नव्हती. टॉम तुरुंगातून पळताना मारला जातो, त्याला १७ गोळ्या लागतात. दोन्ही हात चालते तर तो कुंपणापार गेला असता, असे पहारेकरी म्हणतात. माझा अशील तीन वर्षांनी निर्दोष सुटला. मात्र तोवर त्याला कोणी कामावर बोलवत नव्हते आणि गावात अजूनही त्याला ‘मोटारवाला’ म्हणतात.