मदत हवी आहे: जहाज तारण ठेवून काढलेल्या कर्जाचा मोडी कागद
मंडळी, गिरगावातली चाळीची खोली रिकामी करताना आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक मोडी कागद सापडला. एक कोपरा वाळवीने खाल्लाय. मोडी मला अडखळतच लागते, पण 'जहाज', 'व्याज' आणि 'सुखरूप पोचल्यावर' एवढं नक्की लागलं.

जोखमी हुंडीत (हुंडी म्हणजे व्यापाऱ्यांची पैसे देण्याची चिठ्ठी) माल सुखरूप पोचला तरच पैसे द्यायचे, हे ठाऊक आहे. इथे मात्र तारण जहाजच दिसतंय. म्हणजे जहाज बुडालं की सावकाराचे पैसेही बुडाले, म्हणून व्याज चढं. (रोमन सम्राट जस्टिनियनने अशा कर्जाचं व्याज १२ टक्क्यांवर बांधलं होतं, आमच्या कागदातला आकडा नेमका वाळवीच्या पोटात!)

मुंबईचे सावकार अशा कर्जाला काय म्हणत? आणि एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात घरचा कागद दाखवायचा तर आधी कोणाला भेटावं?