आयसीयूचा खर्च सरसकट सरासरीने काढू नये

खानापूरकर:
आयसीयूतल्या एका दिवसाचा खर्च म्हणजे महिन्याचा सगळा खर्च भागिले सगळ्या पेशंटचे मिळून दिवस, हा हिशोब सोपा आहे, पण चुकीचा आहे. पहिल्या दिवशी इंट्युबेशन (श्वासनलिकेत नळी), सेंट्रल लाईन (मोठ्या शिरेत नळी), सीटी, दर काही तासांनी एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी) आणि पेशंटजवळ सतत एक सिस्टर. पाचव्या दिवशी तोच पेशंट नाकात ऑक्सिजनची नळी लावून चहा पितो. दोन्ही दिवसांना एकच आकडा लावला की साध्या पेशंटच्या माथी गंभीर पेशंटचा खर्च बसतो. नोंद पेशंटनिहायच हवी.

हिशोबनीस, टिळकवाडी:
साफ असहमत. रात्री तीन वाजता सिस्टरने पेशंट बघायचा की प्रत्येक सिरिंज लिहायची? नोंदी मग सकाळी आठवून होतात, आणि ग्लोव्हज, कापूस, वाया गेलेले अँप्यूल (इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या) त्यातून हमखास सुटतात. इंग्लंडमध्ये १९९९ साली मांडलेली सहा गटांची पद्धत लहान दवाखान्याला पुरते: यंत्रं, इमारत, धुलाई-सफाईसारख्या सेवा, लॅब-एक्सरे-फिजिओ, औषधं व वापरून टाकायचं सामान, आणि पगार. तिथल्या आकड्यांत शेवटच्या तीन गटांतच सुमारे ८५ टक्के खर्च निघाला. तेवढे तीन नीट मोजा.

पगाराचं गणित बघा. एका बेडजवळ चोवीस तास एक सिस्टर म्हणजे आठवड्याला १६८ तास. ४८ तासांच्या आठवड्याने साडेतीन माणसं, रजा-आजारपण धरून चारच्या वर. महिन्याचा पगार २०,००० आणि माणसं ४.२ धरली तर दिवसाला २,८०० रुपये. आता दहा लाखांचा व्हेंटिलेटर सात वर्षं चालेल असं समजा: दिवसाला ३९० च्या आसपास, निम्मे दिवस पडून राहिला तर वापराच्या दिवसाला ७८०. सगळे यंत्राकडे बोट दाखवतात, पैसा जातो माणसांवर. जायलाच हवा!

निपाणीकर:
होय की, पण पगार पेशंटवर वाटायचा कसा? टिस-२८ वापरा, म्हणजे पेशंटला किती उपचार आणि काम लागलं ते गुणांत मोजणारा तक्ता. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, २८ बाबींचे गुण. एक सिस्टर एका पाळीत साधारण ४६ गुणांचं काम करते, म्हणजे गुणाला १०.६ मिनिटं. पेशंटमागे दोन-चार मिनिटांत भरून होतं.

खानापूरकर:
पगारापुरतं मान्य. औषधांना टिस लावू नका. महागडं अँटिबायोटिक असो की साधं, गुण तेवढेच. औषधं फार्मसीच्या इंडेंटवरून (मागणीपत्रावरून) पेशंटनिहाय घ्या, परत आलेल्या व्हायल (औषधाच्या बाटल्या) वजा करा आणि खरेदीची किंमत धरा. एमआरपी धरली तर तो खर्च नव्हे, आकारणी झाली.

चिकोडी_बायोमेडिकल:
ऑक्सिजनही गुणांवर वाटू नका. हाय फ्लोवर (नाकातून जोराच्या प्रवाहाने ऑक्सिजन देणाऱ्या यंत्रावर) मिनिटाला ६० लिटर प्रवाह आणि त्यात ६० टक्के ऑक्सिजन असेल तर मिनिटाला सुमारे ३० लिटर शुद्ध ऑक्सिजन जातो. सात घनमीटरचा जम्बो सिलिंडर चार तासांत रिकामा. व्हेंटिलेटरवर ५० टक्के ऑक्सिजन आणि मिनिटाला १० लिटर श्वास असेल तर पेशंटला मिनिटाला चार लिटरच्या आत. ‘व्हेंटिलेटर म्हणजे जास्त ऑक्सिजन’ हे गृहीतक इथे उलटं पडतं.

हिशोबनीस, टिळकवाडी:
औषधं आणि ऑक्सिजन पेशंटनिहाय घ्या, हरकत नाही. पण रिकाम्या बेडचं काय? दहा बेड, महिन्याचे मिळून ३०० बेड-दिवस, स्थिर खर्च (बेड रिकामा असला तरी होणारा) समजा १८ लाख. सगळे भरले तर दिवसाला ६,०००, साठ टक्के भरले तर १०,०००. पेशंट बदलला नाही, उपचारही तेच. म्हणून रिकाम्या बेडचा खर्च वेगळ्या ओळीत दाखवा. आपल्या सीमाभागात हे जास्त गरजेचं: एकाच वॉर्डात एक पेशंट कर्नाटक सरकारच्या ‘आरोग्य कर्नाटक’ योजनेचा, दुसरा ८६५ सीमागावांतला, महाराष्ट्राच्या महात्मा फुले आरोग्य योजनेचा. या योजना उपचाराला जो ठरलेला पॅकेजचा दर देतात तो वाढवून मागायचा तर रिकामा बेड त्यात मिसळलेला आकडा कुणी मानणार नाही, आणि मानूही नये.

निपाणीकर:
आणि दिवस नव्हे, तास मोजा ओ. रात्री अकराला आलेला, एकला वॉर्डात हलवलेला पेशंट तारखेने दोन दिवसांचा होतो. बेडवर होता दोनच तास.