लेकराच्या पाठीवरच्या छिद्रातून पाणी निघायलंय, काय करावं?

जिंतूरचा बाप:
लेक दहा महिन्यांची आहे. कंबरेच्या जरा वर, बरोबर मणक्यावर, टाचणीच्या टोकाएवढं छिद्र, भोवती चार-पाच काळे केस. जन्मापासूनच आहे. आई म्हणायची, देवाची खूण आहे, हात लावू नका. मागच्या आठवड्यात झबल्याला पांढरट डाग दिसला, काल परत. ताप नाही, रांगते, दूध पिते. इथले डॉक्टर म्हणायलेत फोड आहे, मलम लावा. माझं मन मानंना. कुणाच्या लेकराला असं होतं का?

सेलूकर:
माकडहाडापाशी खळी आमच्या पोरालाही आहे. डॉक्टर म्हणाले काही करायची गरज नाही. घाबरू नका.

माजलगावची आई:
दादा, ती खळी वेगळी आणि हे वेगळं. माझ्या पोराला अगदी तुम्ही लिहिलंय तिथंच होतं. दोन वर्षं आम्ही फोड समजून मलम चोळलं. एकानं तर काडीला कापूस लावून आत फिरवला. तिसऱ्या वर्षी एका रात्री ताप, उलट्या, मान लाकडासारखी ताठ. मेंदूज्वर निघाला. मग एमआरआय झाला, तेव्हा कळलं की ते छिद्र म्हणजे नळी आहे, थेट मज्जारज्जूपर्यंत गेलेली. तिच्या टोकाला मोत्यासारखी पांढरी गाठ. डॉक्टरांनी सांगितलं, ही गाठ आपल्या कातडीचीच. बाहेर असती तर कोंडा होऊन झडली असती, आत साचत राहिली. एपिडरमॉइड म्हणतात. ऑपरेशनात नळी मुळापासून काढावी लागली, गाठही काढली. पोरगा आता शाळेत जातो, पण डावं पाऊल अजून ओढतो. ती दोन वर्षं मला परत मिळणार नाहीत, म्हणून एवढं लिहिते.

अजून एक. माझ्या सासूबाई म्हणायच्या, ग्रहणात भाजी चिरली म्हणून झालं. मी किती रडले असेन. ही नळी गर्भाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात राहून जाते, कातडी आणि मज्जारज्जू एकमेकांपासून नीट सुटे होत नाहीत म्हणून. तेव्हा तर दिवस गेल्याचंही बाईला धड कळलेलं नसतं. वहिनींना हे नक्की सांगा.

परिचारिका, परभणी जिल्हा:
ताईंचं बरोबर आहे. शी-च्या जागेपासून अडीच सेंटिमीटरच्या आत, उथळ, तळ दिसणारी, केस-डाग नसलेली खळी बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. तुमच्याकडं जागा वर आहे, केस आहेत आणि स्रावही आहे. दाबू नका, काडी-सुई घालू नका, तेल ओतू नका. कुणी आत रंग सोडून फोटो काढू म्हणालं तरी नको म्हणा, त्यानं जंतू आत जातात. पहिल्या काही महिन्यांत मणक्याची सोनोग्राफी चालते, दहाव्या महिन्यापर्यंत मणक्याची हाडं घट्ट झालेली असतात, त्यामुळं एमआरआयच लागेल. जिल्हा रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांना दाखवून मेंदू-मणक्याच्या सर्जनकडं चिठ्ठी घ्या. आधार आणि रेशनकार्ड न्या, महात्मा फुले योजनेसाठी आरोग्यमित्राला भेटा. ताप आला, लेकरू सुस्त झालं, दूध सोडलं किंवा पाय कमी हलवू लागलं तर सकाळची वाट बघू नका.

जिंतूरचा बाप:
उद्या पहिल्या एसटीनं परभणीला निघतो. तोवर त्याच्यावर काय बांधू?

माजलगावची आई:
कोरडं, स्वच्छ सुती फडकं, सैलसं. मलम घरीच राहू द्या. डाग पडलेलं झबलं मात्र न धुता पिशवीत घालून न्या, डॉक्टरांना दाखवा.